हंगामी साहेबाचा त्याग

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक गोष्ट दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येते. स्टीव्ह जॉब्सने बुडत चाललेली अ‍ॅपल कंपनी हाती घेतली, वर्षाला फक्त एक डॉलर पगार घेतला, आणि मुख्य अधिकाऱ्याचे कायमचे पद समोर असूनही अडीच वर्षे ते स्वीकारले नाही. शेवटी 'पदापेक्षा काम मोठे' असे काहीतरी लिहिलेले असते आणि खाली हात जोडलेले चित्र. आमची मंडळी भराभर अंगठे उमटवतात. मी उमटवत नाही.

आधी हिशेब नीट करू. सप्टेंबर १९९७ ते जानेवारी २००० म्हणजे अडीच वर्षे होत नाहीत, सव्वादोन वर्षे आणि वर थोडे दिवस होतात. (शिक्षिकेची खोड, जात नाही.) पण माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. या गोष्टीत जॉब्सला जो साधुपणा चिकटवला जातो, त्याबद्दल आहे. पद न घेणे म्हणजे त्याग, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की पद न घेता माणसाने काय काय घेतले, हे आपण विचारतच नाही.

काय घडले ते थोडक्यात सांगते, कारण गोष्ट पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक नसते. जॉब्सला १९८५ साली त्याच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. जाताना त्याने आपले सगळे शेअर विकले, एक सोडून. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलने त्याची 'नेक्स्ट' ही कंपनी विकत घेतली आणि तो सल्लागार म्हणून परत आला. तेव्हा गिल अमेलिओ मुख्य अधिकारी होते. त्या व्यवहारात जॉब्सला अ‍ॅपलचे पंधरा लाख शेअर मिळाले होते, ते त्याने १९९७ च्या जूनमध्ये एका झटक्यात विकून टाकले. पुन्हा एकच ठेवला. जुलैमध्ये अमेलिओ गेले. मधले काही आठवडे फ्रेड अँडरसन या वित्त अधिकाऱ्याने कंपनीचा रोजचा गाडा ओढला. त्यांचे नाव त्या गोष्टीत कधीच येत नाही. आणि सप्टेंबरात जॉब्स 'हंगामी' मुख्य अधिकारी झाला. मुदत किती? तर कायमचा माणूस मिळेपर्यंत. तारीख नाही.

आता हा हंगामी माणूस काय करत होता ते पाहा. ऑगस्ट १९९७ मध्ये, म्हणजे हंगामी होण्याच्याही आधी, त्याच्या आग्रहावरून जवळजवळ सगळे संचालक मंडळ बदलले. जुन्यांपैकी दोघेच राहिले. अगदी सुरुवातीपासून कंपनीत पैसा आणि जीव ओतलेले माइक मार्कुलाही गेले. नव्यांमध्ये जॉब्सचे जवळचे मित्र लॅरी एलिसन आले. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टशी तह होऊन पंधरा कोटी डॉलर आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला, अजूनही तो हंगामी अधिकारी झालेला नसताना, अ‍ॅपलसारखे संगणक बनवण्याचा परवाना ज्या कंपनीला दिलेला होता तिचा तो व्यवसाय दहा कोटी डॉलरला घेऊन बंद करण्याचे ठरले. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूटन नावाचे हातात मावणारे यंत्र बंद केले. प्रकल्पांमागून प्रकल्प गुंडाळले आणि त्यांच्यावर काम करणारी माणसे बाहेर पडली.

मला सांगा, हे काळजीवाहू माणसाचे काम आहे का? आपल्याकडे निवडणुकीच्या काळात काळजीवाहू सरकार असते. त्याने धोरणाचे मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, रोजचा कारभार पाहायचा, असा संकेत आहे. गुलझारीलाल नंदा दोनदा पंतप्रधान झाले, मे १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर आणि जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी गेल्यावर. दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस. पक्षाने माणूस निवडला, हे उठले. आणि आपला सगळ्यात जुना हंगामी राजा म्हणजे भरत. चौदा वर्षे नंदिग्रामात राहून पादुका सिंहासनावर ठेवून कारभार केला. पण त्याच्या हंगामीपणाला तारीख होती! चौदा वर्षे संपल्यावर एक दिवस जरी उशीर झाला तर अग्निप्रवेश करीन, असे त्याने रामाला सांगितले होते. ज्यांना त्यागाचीच गोष्ट पाठवायची आहे त्यांनी भरताची पाठवावी.

जॉब्सकडे राजाची सत्ता होती आणि पाहुण्याची मोकळीक होती. जेव्हा वाटेल तेव्हा 'मी तर तात्पुरताच होतो' म्हणून तो उठू शकत होता. पिक्सार ही चित्रपटांची कंपनी त्याच्याकडे होतीच, तिचाही तो मुख्य होता आणि 'टॉय स्टोरी'नंतर तिचे दिवस उत्तम चालले होते. अ‍ॅपलचा त्याच्याकडे एक शेअर. कंपनी बुडाली असती तर त्याचा एक शेअर बुडाला असता. न्यूटनवर काम करणाऱ्या माणसाची मात्र नोकरी गेली, आणि ती घालवणाऱ्याने स्वतः अजून 'मी इथला' असे म्हटलेले नव्हते. ही गोष्ट मला खुपते. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायची वेळ येते कधीकधी, कंपनी वाचवायला ती येत असेलही. पण मग आधी आपले नाव त्या घराच्या पाटीवर लावा.

यावर आमचा भाचा म्हणतो, "मावशी, तू रिझल्ट बघ ना." तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि जॉब्सचा भक्त आहे. बघितला. १९९७ च्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलला शंभर कोटी डॉलरहून जास्त तोटा होता. पुढच्याच वर्षी तीस कोटींहून जास्त नफा झाला. मे १९९८ मध्ये तो निळा, पारदर्शक आयमॅक दाखवला आणि ऑगस्टमध्ये तो दुकानांत आला. हे सगळे खरे, आणि थोर काम, यात मला शंका नाही. आजारी कंपनीला इतके नेमके ओळखणारा माणूस दुर्मिळच. भाच्याचे पुढचे म्हणणेही मी मान्य करते की त्याला स्वतःला खात्री नसेल, आधीचे हाकलले गेल्याचे दुःख असेल, घरी लहान मुले असतील, दोन कंपन्या झेपतील का ही भीती असेल. माणसाला विचार करायला वेळ लागतो. तीन महिने घ्या, सहा घ्या. पण नफा झाला, आयमॅक खपला, तरी १९९८ गेले, १९९९ गेले, आणि प्रश्न तिथेच - स्वीकारणार का, स्वीकारणार का? वर्तमानपत्रेही तेच विचारत बसली.

हा प्रश्नच मुळात उलटा आहे. नेमणूक करणारे संचालक मंडळ असते. विचारायचे त्यांनी असते, आणि उत्तरासाठी मुदतही त्यांनीच द्यायची असते. इथे उमेदवारानेच परीक्षक बदलून घेतलेले. मग ते बिचारे कशाला तारीख मागतील! ते वाट बघत राहिले, त्यांच्याबरोबर गुंतवणूकदार वाट बघत राहिले आणि हजारो नोकरदारही. जॉब्सने याचा विनोद केला. आयमॅकमधला 'आय' आपल्या पदालाही लावला, आय-सीईओ, म्हणजे हंगामी सीईओ. सगळे हसले. हंगामीपणाचा विनोद ज्याला करता येतो, त्याला त्याची झळ लागलेली नसते, एवढे मला नक्की कळते. का कळते ते सांगते.

'हंगामी' हा शब्द आपल्याकडे हंगामावरून आला. ऊसतोडीला येतो तो हंगामी मजूर. हंगाम संपला की तो जातो, हे त्यालाही माहीत असते आणि मुकादमालाही. शब्दात मुदत आहे. शाळांमध्ये याच कामाला 'प्रभारी' म्हणतात, आणि त्या शब्दात मुदत नाही, फक्त भार आहे. मी ज्या एका शाळेत बरीच वर्षे होते तिथे (गावाचे नाव घेत नाही) मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर ज्येष्ठतेच्या यादीवरून वाद लागला आणि एका बाईंकडे प्रभार दिला. तात्पुरता. तो चार वर्षे चालला. त्या सगळ्या कागदांवर 'मुख्याध्यापक करिता' अशी सही करत. पगारपत्रक त्यांनी करायचे, दहावीचे फॉर्म त्यांनी पाहायचे, पालक भांडायला आले की त्यांनी ऐकायचे, तपासणीला अधिकारी आले की उभे त्यांनी राहायचे. पण प्रयोगशाळेचे मोडके टेबल बदलायचे म्हटले तर संस्था म्हणे, कायमचा माणूस येऊ द्या. एखाद्या शिक्षकाला उशिरा येण्याबद्दल बोलल्या तर तो हसून म्हणे, "बाई, तुम्ही किती दिवस?" पगार सहशिक्षिकेचाच. त्यांना कायमच्या पदाबद्दल कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी त्याच मिनिटाला हो म्हटले असते, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होते. त्या प्रभारी म्हणूनच निवृत्त झाल्या आणि पेन्शन सहशिक्षिकेच्या पगारावर बसली. पुढच्याच जूनमध्ये वाद मिटला.

म्हणून जेव्हा कोणी 'हंगामी म्हणून काम करण्यात कमीपणा कसला, जॉब्सने नाही का केले' असे म्हणते तेव्हा माझे डोके फिरते. एकाला पद नको होते आणि अधिकार सगळा मिळाला. दुसरीला पद हवे होते आणि तिला फक्त भार मिळाला. दोघांना एकच शब्द लावून दुसरीला पहिल्याचा दाखला द्यायचा, हे वरच्यांना फार सोयीचे असते. पगारात बचत, वाद टळतो, आणि वर कौतुकही.

आता त्या एका डॉलरकडे येते. ५ जानेवारी २००० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात जॉब्सने नव्या कार्यप्रणालीचे देखणे रूप दाखवले आणि शेवटी सांगितले की पदाच्या मागचे 'हंगामी' आता काढतो आहे. सभागृह उभे राहून त्याच्या नावाचा गजर करू लागले. गोष्टीत इथे पडदा पडतो. पण त्याच महिन्यात संचालक मंडळाने त्याला एक खासगी जेट विमान देऊ केले, ज्याचा करासकट खर्च कंपनीच्या हिशेबात सुमारे नऊ कोटी डॉलर पडला, आणि शिवाय एक कोटी शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क दिला. १९९७ च्या उन्हाळ्यात तेरा-चौदा डॉलरला मिळणारा अ‍ॅपलचा शेअर तोपर्यंत शंभराच्या वर गेला होता.

विमान दिले म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. त्याने कंपनी वाचवली, त्यांनी दिले, हिशेब त्यांचा. ते शेअरचे हक्कही पुढे बाजार कोसळल्यावर निरुपयोगी झाले आणि २००३ मध्ये त्यांच्या बदल्यात दुसरे शेअर द्यावे लागले. त्याच्या मनात काय होते तेही मला माहीत नाही, आणि मेलेल्या माणसाच्या मनात शिरू नये. पण एक डॉलर सांगायचा आणि विमान सांगायचे नाही, ही लबाडी आहे. आमच्या शाळेत असा निबंध कोणी लिहिला असता तर मी समासात 'अपूर्ण' असे लाल शाईने लिहिले असते.

या गोष्टीचे कित्ते गिरवले जातात हे आणखी वाईट. जॅक डॉर्सीचे पाहा. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक, २००८ मध्ये मुख्यपदावरून दूर झालेला, तो १ जुलै २०१५ ला हंगामी मुख्य अधिकारी म्हणून परतला. त्याच्याकडे स्क्वेअर ही दुसरी कंपनी होती. ट्विटरच्या संचालकांनी त्या जूनमध्ये स्वच्छ सांगितले होते की पूर्ण वेळ देऊ शकेल अशाच उमेदवाराचा विचार होईल. वाचून मला बरे वाटले असते. पण ऑक्टोबरच्या ५ तारखेला त्यालाच कायम केले, आणि स्क्वेअरही त्याच्याकडेच राहिले. सगळ्यांच्या तोंडी जॉब्स आणि पिक्सारचा दाखला तयारच होता. संचालकांची ती अट कुठे गेली ते कोणी विचारले नाही. नोव्हेंबर २०२१ पर्यंत तो दोन्ही घोड्यांवर बसलेला होता.

आणि आता भाच्याच्याच कंपनीत हंगामी साहेब आहेत. आठवा महिना. आधीचे अचानक गेले. याच्या विभागातल्या बढत्या थांबल्या आहेत, नवे काम घ्यायचे की नाही ते ठरत नाही, दोन चांगली मुले सोडून गेली. साहेब सज्जन आहेत म्हणे. रोज जेवणाच्या सुटीत एकच चर्चा चालते, ते पद घेतील का? कोणी म्हणतो त्यांना अमेरिकेला परत जायचे आहे, कोणी म्हणतो पैशावर अडले आहे. आणि भाचा, जो माझ्याशी जॉब्सवरून वाद घालतो, तोच रात्री फोनवर म्हणतो, "मावशी, ते नाही म्हणाले तरी चालेल गं, पण काहीतरी म्हणू देत."

असे नाही की हे नीट करताच येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्रींना दूर केल्यावर रतन टाटा टाटा सन्सचे हंगामी अध्यक्ष झाले. मिस्त्रींना ज्या रीतीने काढले त्याबद्दल माझे मत चांगले नाही, तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण हंगामीपणापुरते पाहिले तर पहिल्याच दिवशी सांगितले होते की चार महिन्यांत नवा अध्यक्ष निवडू. जानेवारी २०१७ मध्ये चंद्रशेखरन यांचे नाव जाहीर झाले आणि फेब्रुवारीत त्यांनी सूत्रे घेतली. चार महिने म्हणजे चार महिने.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इन्फोसिसमधून विशाल सिक्का गेले. इन्फोसिस म्हणजे १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली कंपनी, म्हणून आम्हा जुन्या पुणेकरांना तिचे उगीच थोडे जास्त वाटते. प्रवीण राव यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. ते तिथे तीसेक वर्षे काम केलेले, कंपनीचा कानाकोपरा माहीत असलेले. साडेचार महिन्यांत सलील पारेख आले. राव पुन्हा आपल्या आधीच्या पदावर गेले, नव्या साहेबांच्या हाताखाली काम करत राहिले आणि २०२१ च्या शेवटी निवृत्त झाले. सव्वादोन वर्षे 'हो' न म्हणण्यापेक्षा, मोठी खुर्ची सोडून शेजारच्या जुन्या खुर्चीत जाऊन बसणे किती अवघड असेल याचा विचार करा. आमच्या बाईंना मी हे सांगितले असते तर त्यांना ते पटले असते, आणि कदाचित त्या रडल्याही असत्या.

भाच्याच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी सगळ्यांची एक सभा होते आणि आधी लेखी प्रश्न पाठवता येतात. नाव न घालताही चालते. त्याने प्रश्न लिहून मला दाखवला, म्हणजे माझ्याकडून हिंमत हवी होती. इंग्रजीत होता, माझे इंग्रजी बेताचेच, पण एवढे कळले. 'आपण कायमचे पद स्वीकारणार आहात का?' असे साहेबांना विचारले होते. मी ते खोडायला सांगितले. साहेबांना विचारू नकोस, संचालकांना विचार. निर्णय कोणत्या तारखेला होईल? तोपर्यंत बढत्या आणि नवी कामे यांवर सही कोणाची चालेल? आणि साहेब नाही म्हणाले तर त्यांना त्यांच्या जुन्या जागेवर मानाने परत जाता येईल का? त्याने तीन्ही प्रश्न लिहून घेतले. नाव घालावे की नाही ते अजून ठरलेले नाही. घाल म्हणाले आहे मी. सभा पुढच्या गुरुवारी आहे.